व्हायरल क्लिपच्या पलीकडचा दिवस: विधानसभेत सकाळपासून रात्रीपर्यंत नेमकं काय चालतं आणि आनंदनगरचा प्रश्न तिथे पोहोचतो कसा?

डिसेंबर २०२१. एरवी नागपुरात होणारं हिवाळी अधिवेशन त्या वर्षी मुंबईत भरलं होतं. विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी बाकांवरच्या एका आमदारांनी समोरून जाणाऱ्या मंत्र्यांकडे बघून मांजरीचा आवाज काढला. पुढचे काही दिवस व्हॉट्सअॅपपासून इन्स्टाग्रामपर्यंत सगळीकडे तेच. मीम झाली, रील्स झाल्या, टीव्हीवर चर्चा झाल्या.

त्याच आठवड्यात, २३ डिसेंबर २०२१ ला, विधानसभेने एक विधेयक एकमताने मंजूर केलं. त्याचं नाव शक्ती विधेयक. महिला आणि मुलांवरच्या अत्याचाराच्या गुन्ह्यांत तपास लवकर व्हावा, खटला लवकर चालावा आणि काही गुन्ह्यांत फाशीपर्यंतची शिक्षा असावी, हा त्याचा गाभा. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेनेही ते मंजूर केलं.

मांजरीचा आवाज आजही लोकांना आठवतो. त्या विधेयकाचं पुढे काय झालं, हे विचारलं तर मात्र बहुतेकांना सांगता येत नाही.

म्हणूनच आज बघू, विधानसभेतला एक दिवस कसा चालतो, त्यात कुठली गोष्ट महत्त्वाची आणि कुठली फक्त कॅमेऱ्यासाठी. उदाहरणं आपल्याच पट्ट्यातली घेऊ: उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर.

सगळ्यात आधी, तुमचा आमदार कोण?

हा प्रश्न सोपा वाटतो, पण आपल्या भागात तो चांगलाच गोंधळाचा आहे. आनंदनगर एमआयडीसीचा परिसर अंबरनाथचा. अंबरनाथ मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. बदलापूर मात्र मुरबाड मतदारसंघात येतं. उल्हासनगरला स्वतःचा मतदारसंघ आहे, पण शहराचा काही भाग कल्याण पूर्वमध्ये मोडतो. २०२४ च्या निवडणुकीत अंबरनाथमधून बालाजी किणीकर, मुरबाडमधून किसन कथोरे, उल्हासनगरमधून कुमार आयलानी आणि कल्याण पूर्वमधून सुलभा गायकवाड निवडून आले.

खासदारकीचं गणित आणखी वेगळं. अंबरनाथ आणि उल्हासनगर कल्याण लोकसभेत, तर बदलापूर भिवंडी लोकसभेत.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे कुठला प्रश्न कुणाला विचारायचा हे कळल्याशिवाय पुढची गाडी हलत नाही. बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलची गर्दी हा रेल्वेचा, म्हणजे केंद्राचा विषय. तो संसदेत जातो. कारखान्यातून येणारा वास, नाल्यात सोडलेलं सांडपाणी, पोलीस तपास, नगरपालिकेचा कारभार, अनधिकृत इमारती हे राज्याचे विषय. ते विधिमंडळात जातात.

दोन सभागृहं, तीन अधिवेशनं

महाराष्ट्रात विधिमंडळाची दोन सभागृहं आहेत. विधानसभेत २८८ आमदार, लोकांनी थेट निवडून दिलेले. विधान परिषदेत ७८. त्यातले ३० आमदारांनी निवडलेले, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे, ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे आणि १२ राज्यपालनियुक्त.

वर्षाला साधारण तीन अधिवेशनं होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. नागपूरचं हे अधिवेशन १९५३ च्या नागपूर कराराशी जोडलेलं आहे. राज्यघटना म्हणते की दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये.

ही सहा महिन्यांची गोष्ट लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

सकाळचा पहिला तास: प्रश्नोत्तरं

घंटा वाजते, अध्यक्ष आसनावर येतात, कामकाज सुरू होतं. कामकाज चालवायचं तर किमान एक दशांश सदस्य हजर हवेत. विधानसभेत ही संख्या २९ होते. यालाच गणसंख्या किंवा कोरम म्हणतात. टीव्हीवर बाकं रिकामी दिसतात तेव्हा हा आकडा आठवा.

पहिला तास प्रश्नोत्तरांचा. इथे दोन शब्द नेहमी कानावर पडतात.

तारांकित प्रश्न: याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात. आमदारांना त्यावर उपप्रश्न विचारता येतात. खरी मजा उपप्रश्नांत असते. छापील उत्तर विभागाने तयार केलेलं असतं, उपप्रश्नाला मात्र मंत्र्यांना स्वतः उभं राहून तोंड द्यावं लागतं.

अतारांकित प्रश्न: याचं उत्तर फक्त लेखी येतं. गाजावाजा होत नाही, पण आकडेवारी हवी असेल तर हाच प्रकार जास्त कामाचा.

समजा, आनंदनगर एमआयडीसीच्या आसपास रात्री रासायनिक वास येतो अशी तुमची तक्रार आहे. आमदाराने प्रश्न टाकला की "आनंदनगरमध्ये वास येतो हे खरे आहे काय?", तर उत्तर "अंशतः खरे आहे" असं येऊन विषय संपू शकतो. पण प्रश्न असा असेल की "गेल्या वर्षभरात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने या क्षेत्रातल्या किती कारखान्यांची तपासणी केली, किती नोटिसा दिल्या, किती बंद केले?", तर विभागाला आकडे द्यावेच लागतात. ते आकडे मग कागदावर कायमचे राहतात. पुढच्या अधिवेशनात, कोर्टात, माहिती अधिकाराच्या अर्जात तुम्ही ते दाखवू शकता.

हा विषय आपल्याकडे किती गंभीर आहे, हे वेगळं सांगायला नको. २०१४ मध्ये वालधुनी नदीत टँकरमधून रसायन सोडलं गेलं आणि उल्हासनगरमधल्या शेकडो लोकांना त्रास होऊन रुग्णालय गाठावं लागलं होतं.

एक अडचण मात्र आहे. यादीत प्रश्न खूप असतात आणि तासाभरात त्यातले मोजकेच चर्चेला येतात. त्यातच गोंधळ झाला आणि सभागृह तहकूब झालं, तर तो तास गेलाच. "कामकाज दहा मिनिटांसाठी तहकूब" ही ओळ बातमीत छोटी दिसते. कुठल्या तरी तालुक्याचा प्रश्न तेवढ्यात वाहून गेलेला असतो.

तास संपला की आरडाओरड का सुरू होते?

प्रश्नोत्तरं संपली की विरोधक उभे राहतात. आदल्या दिवशी राज्यात काही मोठं घडलं असेल, तर सगळं बाजूला ठेवून त्यावर चर्चा घ्या, अशी मागणी होते. हा स्थगन प्रस्ताव, विधानसभेच्या नियम ९७ खालचा. बहुतेक वेळा अध्यक्ष तो नाकारतात. पण नाकारण्याआधी विरोधी पक्षनेत्यांना दोन मिनिटं बोलता येतं आणि विषय नोंदवला जातो. कधीकधी अध्यक्ष सरकारला निवेदन करायला सांगतात.

याच वेळेत औचित्याचे मुद्दे आणि हरकतीचे मुद्दे येतात. दोन्हींत गल्लत होते म्हणून सोपं करून सांगतो. औचित्याचा मुद्दा म्हणजे तातडीची एखादी बाब सभागृहाच्या लक्षात आणून देणं. हरकतीचा मुद्दा म्हणजे "अध्यक्ष महोदय, आत्ता जे चाललंय ते नियमात बसत नाही" असं सांगणं.

वाद टोकाला गेला तर सदस्य आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, म्हणजे वेलमध्ये उतरतात. त्यानंतर निलंबनाचा ठराव येऊ शकतो. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ५ जुलै २०२१ चं. ओबीसींच्या माहितीबाबतच्या ठरावावरून गोंधळ झाला. तालिका अध्यक्ष म्हणून भास्कर जाधव आसनावर होते. भाजपच्या १२ आमदारांना एका वर्षासाठी निलंबित केलं गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २८ जानेवारी २०२२ ला न्यायालयाने ते निलंबन रद्द केलं. चालू अधिवेशनापलीकडे निलंबन नेता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. कारण साधं आहे. आमदार वर्षभर बाहेर बसला तर त्याच्या मतदारसंघाला वर्षभर आवाजच उरत नाही.

लक्षवेधी: स्थानिक प्रश्नाची सगळ्यात हुकमी जागा

नियम १०५ खालची लक्षवेधी सूचना म्हणजे "या तातडीच्या आणि सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीकडे मी मंत्र्यांचं लक्ष वेधतो". आमदार सूचना देतात, अध्यक्ष निवडतात, मंत्र्यांचं निवेदन येतं आणि त्यावर प्रश्न विचारले जातात. सूचनांची गर्दी इतकी असते की त्यांच्यासाठी कधीकधी सकाळी लवकर विशेष बैठकही बोलावली जाते.

तुमच्या शहरातली इमारत कोसळली, रुग्णालयात डॉक्टर नाहीत, पाणी येत नाही, असे विषय बहुतेक इथेच दिसतात. आमदारांच्या फेसबुक पेजवर सभागृहातले जे व्हिडिओ दिसतात, त्यातले बरेच याच वेळेतले असतात.

इथे मंत्र्यांच्या तोंडून येणारी वाक्यं नीट ऐका. "तपासून घेऊ", "बैठक लावू", "सकारात्मक विचार करू" ही एक जात. "तीन महिन्यांत चौकशी पूर्ण करू", "संबंधित अधिकाऱ्याला निलंबित करतो" ही दुसरी. दुसऱ्या प्रकारचं वाक्य हे सभागृहाला दिलेलं आश्वासन ठरतं. विधिमंडळाची आश्वासन समिती अशा आश्वासनांचा पाठपुरावा करते. म्हणजे मंत्री बदलले तरी शब्द विभागाच्या मानगुटीवर राहतो. अर्थात, कुणीतरी तो आठवणीत ठेवला तर.

दुपारनंतर: विधेयकं, पैसा आणि लांब भाषणं

दुपारनंतर पत्रकार कक्ष पातळ होतो. नेमकं याच वेळेत कायदे होतात.

विधेयकाचा प्रवास असा: मंत्री ते मांडतात, याला पुरःस्थापन म्हणतात. मग ते विचारात घेतलं जातं, चर्चा होते, खंड एकेक करून मंजूर होतात आणि शेवटी पूर्ण विधेयक संमत होतं. मतदान बहुतेक वेळा आवाजी असतं. बाजूने असलेले "होय" म्हणतात, विरोधातले "नाही". आवाजावर समाधान नसेल तर विरोधक मतविभागणी मागतात आणि डोकी मोजली जातात. विषय गुंतागुंतीचा असेल तर विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवलं जातं.

एखादा कायदा एकाच शहरापुरता असू शकतो का? असू शकतो आणि त्याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. उल्हासनगरमधल्या अनधिकृत बांधकामांचा विषय उच्च न्यायालयात गेला, ८५५ इमारतींवर कारवाईचे आदेश निघाले आणि हजारो कुटुंबांच्या डोक्यावरचं छप्पर जाणार असं चित्र उभं राहिलं. तेव्हा २००६ मध्ये राज्याने फक्त उल्हासनगरसाठी बांधकामं नियमित करण्याचा कायदा केला. आधी अध्यादेश, मग कायदा.

अध्यादेश म्हणजे अधिवेशन चालू नसताना राज्यपालांच्या सहीने निघालेला तात्पुरता कायदा. अधिवेशन भरलं की तो सभागृहासमोर ठेवावा लागतो. सहा आठवड्यांत त्याचं कायद्यात रूपांतर झालं नाही तर तो संपतो.

कायदा झाला म्हणून प्रश्न मिटला असं मात्र झालं नाही. मे २०२१ मध्ये उल्हासनगरमध्ये दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. त्यातल्या २८ मे च्या एकाच दुर्घटनेत ७ जणांचा जीव गेला. इमारत कागदावर नियमित होणं आणि राहायला सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सभागृहात पहिलीवर मतदान होऊ शकतं. दुसरीसाठी महापालिकेचा अभियंता जिना चढून वर जावा लागतो.

विधेयकांसोबत पैशांचं कामही याच वेळेत होतं. अर्थसंकल्पात न बसलेल्या खर्चासाठी सरकार पुरवणी मागण्या मांडते. त्यावरच्या चर्चेत आमदार आपापल्या भागातल्या रस्त्या-पुलांबद्दल बोलून घेतात. नियम २९३ खाली एखाद्या विषयावर सविस्तर चर्चा होते. विधान परिषदेत अशीच चर्चा नियम २६० खाली चालते. प्रश्नोत्तराच्या तासात मिळालेल्या उत्तराने समाधान झालं नसेल, तर अर्धा तास चर्चा मागता येते आणि ती बहुतेकदा दिवसाच्या शेवटी येते. त्या वेळी सभागृहात एक आमदार, एक मंत्री आणि आसनावर तालिका अध्यक्ष असं चित्र असू शकतं. पण नोंद पक्की होते.

आता परत शक्ती विधेयकाकडे

हे विधेयक पहिल्यांदा १४ डिसेंबर २०२० ला तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी मांडलं. ते संयुक्त समितीकडे गेलं. वर्षभराने, दिलीप वळसे पाटील गृहमंत्री असताना, ते सुधारणांसह परत आलं आणि दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. सत्ताधारी आणि विरोधक एकत्र आले होते, असं आपल्याकडे क्वचितच होतं.

पण विधिमंडळाने मंजूर केलं म्हणजे कायदा झाला, असं नसतं. विधेयक राज्यपालांकडे जातं. फौजदारी कायदा हा समवर्ती सूचीतला विषय आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघंही कायदे करू शकतात. राज्याची तरतूद केंद्राच्या कायद्याच्या विरोधात जात असेल, तर राज्यघटनेच्या कलम २५४ प्रमाणे ती राष्ट्रपतींच्या संमतीशिवाय राज्यात लागू होत नाही. म्हणून विधेयक दिल्लीला गेलं. राष्ट्रपतींनी किती दिवसांत निर्णय द्यावा, याची मुदत राज्यघटनेत लिहिलेली नाही.

मग आला ऑगस्ट २०२४. बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. २० ऑगस्टला हजारो लोक रस्त्यावर उतरले, बदलापूर स्थानकातल्या रुळांवर बसले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकल बंद होत्या. आणि त्या गर्दीतून, बातम्यांतून, नेत्यांच्या भाषणांतून एक प्रश्न वर आला: शक्ती कायद्याचं काय झालं?

उत्तर असं की एकमताने मंजूर झालेलं ते विधेयक तेव्हाही संमतीअभावी अडकलेलं होतं. आजही ते कायदा म्हणून लागू झालेलं नाही.

दुसरी गोष्टही लक्षात घ्या. त्या दिवशी विधिमंडळाचं अधिवेशन चालू नव्हतं. पावसाळी अधिवेशन १२ जुलै २०२४ ला संपलं होतं. मग विधानसभेची निवडणूक लागली. नवे आमदार शपथ घ्यायला जमले ते थेट ७ डिसेंबरला. म्हणजे बदलापूर रुळांवर बसलेलं असताना प्रश्नोत्तराचा तास नव्हता, लक्षवेधी नव्हती, स्थगन प्रस्ताव नव्हता. मंत्र्यांना सभागृहात उभं करून "गुन्हा नोंदवायला उशीर का झाला?" असं नियमाने विचारता येईल अशी जागा जवळपास पाच महिने बंद होती.

यात नियम मोडला गेला का? नाही. सहा महिन्यांची अट पाळली गेली. पण ती अट आपल्याला किती कमी देते, हे त्या पाच महिन्यांत दिसलं. अधिवेशनं आठवड्या-दोन आठवड्यांत गुंडाळली जातात तेव्हा "किती दिवस काम झालं" हा आकडा पत्रकारांच्या आवडीचा म्हणून सांगितला जात नाही. प्रश्न विचारायच्या खिडक्या किती उघड्या राहिल्या, याचं ते माप असतं.

सभागृहातल्या आरोपांवर केस का होत नाही?

"हिंमत असेल तर बाहेर येऊन बोला" हे आव्हान तुम्ही ऐकलं असेल. राज्यघटनेच्या कलम १९४ प्रमाणे सभागृहात केलेल्या वक्तव्यासाठी आमदारावर न्यायालयात कारवाई करता येत नाही. सत्तेतल्या बड्या माणसाबद्दलही निर्भयपणे बोलता यावं म्हणून हे संरक्षण आहे. पायऱ्यांवर, पत्रकार परिषदेत किंवा ट्विटमध्ये ते लागू नाही. म्हणून एखादी क्लिप आली की आधी बघा, ती आतली आहे की बाहेरची. अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकलेलं वाक्यही अधिकृत नोंदीत नसतं, पण फोनमध्ये फिरत राहतं.

मग आपण काय करायचं?

पहिलं, अधिवेशन सुरू होण्याच्या बऱ्याच आधी आमदारांना लेखी निवेदन द्या. तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या कित्येक दिवस आधी पाठवावे लागतात. अधिवेशन सुरू झाल्यावर जाग आली तर लक्षवेधी किंवा औचित्याचा मुद्दा एवढंच हातात उरतं.

दुसरं, तक्रार आकड्यांत आणि तारखांत लिहा. "वास येतो" यापेक्षा "अमुक तारखांना, रात्री अमुक वाजता, अमुक इमारतींजवळ" असं असेल तर प्रश्न चांगला बनतो.

तिसरं, फक्त विधानसभेवर अवलंबून राहू नका. ठाणे जिल्ह्यासाठी कोकण पदवीधर आणि कोकण शिक्षक मतदारसंघाचे आमदार विधान परिषदेत असतात. विधिमंडळाची विनंती अर्ज समितीही आहे.

चौथं, विधिमंडळाच्या वेबसाइटवर कामकाजाचा क्रम आणि विधेयकं मिळतात आणि थेट प्रक्षेपणही बघता येतं. तुमच्या आमदाराने टाकलेली ४० सेकंदांची क्लिप पाहिली, की मंत्र्यांचं उत्तर शोधा. क्लिप बहुतेक वेळा प्रश्नावर संपते.

आणि शेवटचं. मंत्र्यांनी सभागृहात काही कबूल केलं असेल तर तारीख लिहून ठेवा आणि पुढच्या अधिवेशनाआधी आमदारांना तीच तारीख दाखवून विचारा, "याचं काय झालं?" बदलापूरकरांनी २० ऑगस्टला रुळांवर बसून जो प्रश्न विचारला, तो विचारायची पहिली संधी २५ डिसेंबर २०२१ लाच होती, विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी. तेव्हा आपण सगळे मांजरीचा व्हिडिओ फॉरवर्ड करत होतो.